थर्माकोलच्या खोक्यातली टकटक

काल नव्या टीव्हीचं थर्माकोल बाल्कनीत उन्हानं तापलं आणि त्या वासानं मी थेट आमच्या थेरगावच्या जुन्या खोलीत जाऊन पोचलो.

शेजारच्या गॅरेजवाल्या रफीकचाचांनी राजहंसांची जोडी पाळली होती. मादीला कुत्र्यांनी मारलं आणि नर दाण्याला तोंड लावेना, तेव्हा चाचा तिची अंडी उबवायला माझ्याकडे घेऊन आले. मी कंपनीत भट्टीवर कामाला. लोखंड तापवणाऱ्याला अंडी काय जड, असं मीच छाती काढून म्हणालो होतो. थर्माकोलचं खोकं, बल्ब आणि पाण्याची वाटी, झालं आमचं यंत्र तयार! दर गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते, एवढंच या तज्ज्ञाच्या ध्यानात राहिलं नव्हतं.

त्या गुरुवारी बल्ब विझला तेव्हा एकाच अंड्यातून टकटक येत होती. बायकोनं ते गोधडीत गुंडाळून पोटाशी धरलं. चाचांनी कान लावला. "भाऊ, आहे रे आत! ठोसे मारतोय पठ्ठ्या!" म्हणत ते धावले आणि बापाला ऐकवायला नराला काखेत घालून घेऊन आले.

नरानं गोधडीवर मान टेकवली. टकटक थांबली.

"जेवणाची सुट्टी झाली असेल," मी म्हणालो. आम्ही तिघंही हसलो.

"अहो, हळू हसा, दचकेल ते," बायको म्हणाली.

आम्हाला ती विश्रांती वाटली. आज कळतं, आम्ही हसत होतो तेव्हाच सगळं संपलं होतं. नराला मात्र ते तेव्हाच कळलं असावं. त्यानं मान काढून घेतली आणि दाराकडे तोंड करून बसला.