पंखा नसलेली नाव

सुकदेवआबा वाडिले यांनी चाळीस वर्षं माणसं तापीपार केली. शिंदखेडा तालुक्यातलं कुरवाडे हे त्यांचं गाव अगदी काठावर. समोरच्या तीरावर दुसरा तालुका, दुसरा बाजार आणि गावातल्या निम्म्या घरांची सोयरीक. पुलाने जायचं म्हटलं तर लांबचा वळसा, आबांच्या नावेतून विडी ओढून होईस्तोवर पलीकडे. नवऱ्या मुली त्यांच्या नावेतून सासरी गेल्या, बाळंतिणी माहेरी आल्या. एकदा रेड्याला पलीकडे न्यायचं होतं, त्यानं मध्येच उभं राहून नाव कलती केली, तेव्हा आबांनी त्याच्या कानाशी तोंड नेऊन काय सांगितलं कोण जाणे, रेडा खाली बसला. ही गोष्ट गाव अजून सांगतं.

आधी लाकडी नाव आणि वल्ही होती. पुढे नदीवर बंधारा झाला, पाणी बारमाही तुंबून राहिलं, पात्र दुप्पट रुंद झालं आणि वल्ह्यांनी हात भरून यायला लागले. तेव्हा आबांनी फायबरची नाव आणि मागे लटकवायचं, पाण्यात पंखा फिरवणारं जुनं इंजिन आणलं. धाकटा मुलगा नवल सुरतेच्या कारखान्यातलं काम सोडून परत आला आणि बापाच्या हाताखाली उभा राहिला. त्याचं लग्न झालं, रूपा घरात आली आणि सारिका झाली.

सारिका चालायला लागण्याआधी पाण्यात पडली आणि पडली ती पोहतच वर आली, असं तिची आजी कमलबाई सांगायची. अकराव्या वर्षी ती नावेच्या बरोबरीनं पोहायची. आबा इंजिन हळू करायचे, ती शर्यत जिंकायची आणि नावेच्या काठाला लोंबकळून म्हणायची, "आबा, तुमनं इंजिन म्हातारं व्हयनं!"

दोन वर्षांपूर्वीच्या वैशाखात, भर दुपारी, पलीकडून आलेली माणसं उतरवून आबा नाव जरा मागे घेत होते. काठावर गाळ साचला होता, नाव रुतू नये एवढाच विचार. सारिका काठावरच्या दगडांवर बसलेली त्यांनी पाहिली होती. पण ती दगडांवरून पाण्यात कधी शिरली आणि नावेच्या मागे कधी आली, हे त्यांनी पाहिलं नाही. त्यांनी इंजिन उलटं फिरवलं. नाव हातभर मागे सरली आणि अडखळली. आबांना वाटलं, पंख्यात वेल आली.

ती वेल नव्हती.

त्या दिवसानंतर नाव काठावर पालथी पडली ती पडलीच. नवल नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीत पोती उचलायच्या कामाला लागला. आबा ओट्यावर बसून राहायला लागले. त्यांना कुणी बोल लावला नाही. पोलीस आले, पंचनामा झाला, गाव म्हणालं, अपघात. रूपाही काही म्हणाली नाही. ती त्यांच्यापुढे ताट ठेवायची, पाण्याचा तांब्या ठेवायची, पण गेल्या दोन वर्षांत ती त्यांच्याशी एक शब्द बोलली नव्हती. एकाच घरात राहून ती त्यांच्या अंगावरून अशी जायची, जशी माणसं खांबाच्या बाजूनं जातात.

मग यंदा दिवाळीनंतर एका रविवारी नवल जेवता जेवता म्हणाला, "आबा, एक नाव शे."

रूपाचा हात परातीत थांबला.

"तिले पंखाच नही," नवल म्हणाला.

"पंखा नही तं चालस कशी?" आबांनी विचारलं. खूप दिवसांनी त्यांनी कशाबद्दल तरी काही विचारलं होतं.

"खालथून पानी वढस नि मांगथून फेकस. त्या फेकानं पुढे जास. जेट बोट म्हनतस तिले. लहानशी शे, सहा माणसं बसतस. गुडघाभर पानीमा बी चालस."

उकाई धरणाच्या फुगवट्यावर छगनभाई नावाचा एक माणूस पर्यटकांना त्या बोटीत फिरवायचा. त्याचा धंदा बसला होता आणि बोट विकायची होती. नवलच्या बरोबर काम करणाऱ्या एका गुजराती माणसानं हे सांगितलं होतं. नवल बोलत राहिला. त्या कारखान्यातल्या धुळीनं आपली छाती भरते, रात्री झोप लागत नाही, आपल्याला नदी सोडून दुसरं काही येत नाही. घरची एक बोट असली तर पलीकडची माणसं आणता येतील, मासळी दोंडाईच्याला धाडता येईल, घर पुन्हा घरासारखं चालेल. हे सगळं तो आबांकडे पाहून बोलत होता, पण सांगत होता रूपाला, हे सगळ्यांनाच कळत होतं. कारण पंख्याची नाव या घरात पुन्हा येणार नाही, हे रूपानं सारिकाच्या दहाव्याला सगळ्यांसमोर सांगितलं होतं, आणि त्यावर कुणी तोंड उघडलं नव्हतं.

कमलबाईनं निवाडा केला. "नाव लेवानी का नही, ते मी काय सांगू? रूपाले ली जा. तिनं देखीसन हा म्हनं तं हा."

"मी येस," रूपा म्हणाली.

पुढच्या रविवारी सकाळच्या पॅसेंजरनं तिघं नरडाण्याहून निघाले. आबा खिडकीशी बसले होते. दोंडाईचा गेलं, नंदुरबार गेलं, कापसाची शेतं मागे पडून डोंगर दिसायला लागले. आबांच्या मनात दोन वर्षांत पहिल्यांदा काहीतरी हललं होतं. पंखाच नाही. ही गोष्ट ते मनात पुन्हापुन्हा घोळवत होते. रूपाला पसंत पडली, बोट आली, नवल पुन्हा पाण्यावर उभा राहिला, तर एखाद्या दिवशी रूपा म्हणेल, आबा, जेवून घ्या. त्यांना त्याहून जास्त काही नको होतं. नवापूरच्या आधी रूपानं फडकं सोडलं, भाकरी आणि लसणाची चटणी काढली आणि तिघांना सारखी वाटणी केली. आबांच्या हातात भाकरी देताना तिनं नेहमीसारखं दुसरीकडे पाहिलं नाही. आबांनी ती भाकरी शेवटच्या तुकड्यापर्यंत सावकाश खाल्ली.

छगनभाई पन्नाशीतला, भला माणूस होता. नवापूरच्या बाजूला त्याची बहीण दिलेली असल्यानं मराठी नीट बोलायचा. बोट पाण्याबाहेर ढकलगाड्यावर ठेवली होती. पांढरी, कडेला निळा पट्टा, मोटारीसारखं चाक. त्यानं तिघांना खाली वाकवून तळ दाखवला. तळाला लोखंडी जाळी, तिथून पाणी आत जातं. मागच्या बाजूला एक तोटी, तिथून बाहेर पडतं. उलटं जायचं झालं तर तोटीवर एक झडप खाली येते आणि पाण्याचा फेक पुढच्या अंगाला वळतो.

"फिरणारं जे काही आहे ते आतल्या पेटीत," छगनभाई म्हणाला. "जाळीजवळ लांब केस किंवा ओढणी जाऊ देऊ नका, एवढं जपायचं. बाकी मागे माणूस पोहत असला तरी त्याला लागायला काही नाही."

नवलनं बोट पाण्यात घातली. तिघांना घेऊन छगनभाईनं एक मोठा फेरा मारला. बोट पाण्यावरून अशी सुटली की आबांचा पंचा उडाला. नवलच्या हाती चाक दिलं तेव्हा त्याचा चेहरा विशीतल्या पोरासारखा झाला होता. त्यानं झडप टाकली आणि बोट अलगद मागे आली, थांबली, पुन्हा पुढे गेली. आबांनी रूपाकडे पाहिलं. ती मागच्या पाण्याकडे पाहत होती. पांढरा फेस उठत होता आणि विरत होता.

काठावर उतरल्यावर तिनं छगनभाईला विचारलं, "ही केव्हाची?"

"मी घेतली त्याला आठ वर्षं झाली. त्याच्या आधीपासून अशा बोटी आहेत."

"आठ वर्षं," रूपा म्हणाली.

म्हणजे सारिका होती तेव्हाही अशी नाव होती. हे तिनं म्हटलं नाही, पण आबांना ते ऐकू आलं. बोट चांगली निघाली तर आपल्या जिवाला थोडं हलकं वाटेल असं ते समजत होते. उलटंच झालं होतं. टळू शकलं असतं, हे आता त्यांच्या डोळ्यांसमोर पांढरं-निळं उभं होतं.

छगनभाईला पुरतं ठाऊक नव्हतं. नवलनं त्याला एवढंच सांगितलं होतं की आमच्याकडे पंख्यानं एक मूल गेलं. तो हळहळला आणि साधेपणानं म्हणाला, "पण त्यासाठी जेट बोटच पाहिजे असं नाही हो. पंख्याभोवती लोखंडी कडं बसवतात ना. साधं कडं, कुणीही लोहार करून देईल. त्यानं हात-पाय आत जात नाहीत."

"आमच्या इंजिनाला कडं आलंच नव्हतं," नवल म्हणाला. "जुनं इंजिन होतं."

आबा त्या ढकलगाड्याला धरून उभे होते.

छगनभाईनं दोन दिवसांत कळवा म्हणून सांगितलं. नवलचं मन झालंच होतं. स्टेशनवर परतीच्या गाडीची वाट पाहत तिघं बाकावर बसले. ऊन उतरलं होतं. नवल चहा घेऊन आला आणि बायकोसमोर उभा राहिला. "काय करानं, रूपा? तू सांग."

रूपानं चहाचा एक घोट घेतला. मग म्हणाली, "ली ले."

नवलनं डोळे पुसले. आणि त्याच वेळी आबांना ते सहन झालं नाही. ती हो म्हणाली, हेच सहन झालं नाही. या होकारावर आपण पुन्हा पाण्यावर जायचं, पुन्हा माणसांना हात देऊन नावेत घ्यायचं आणि मनात ते घेऊन बसायचं, हे होणार नाही असं त्यांना वाटलं.

"कडं व्हतं," ते म्हणाले.

"काय?"

"आपला इंजिनले कडं व्हतं. मीच काढी टाकं."

नवलला आधी समजलंच नाही. "कवय?"

"पहिलाच पावसाळामा. तू सुरतले व्हता. जलपर्णी अटके त्यामा. घडीघडी इंजिन बंद करनं पडे, वेल काढनी पडे. माणसं खोळंबेत. मी पाना घिसन ते काढी टाकं."

फलाटावर एक म्हातारी बोरं विकत होती. तिचं ओरडणं तेवढं ऐकू येत होतं.

"कोठे शे ते?" नवलनं विचारलं. त्याचा आवाज अगदी खाली गेला होता.

"घरमा. आपण माठ ज्यावर ठेवतस, ते."

रूपानं कप बाकावर ठेवला. रोज पहाटे ती तो माठ घासायची, भरायची, त्या कड्यावर नीट बसवायची. दोन वर्षं. त्याच्या आधी, लग्न होऊन आल्यापासूनची सगळी वर्षं. सारिका त्याच माठातलं पाणी प्यायली होती. ती उठली आणि फलाटाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिली. नवल तिच्या मागे गेला नाही, बापाकडेही आला नाही. तो मध्येच उभा राहिला. गाडी आली तेव्हा ती दोघं एका डब्यात चढली आणि आबा दुसऱ्या.

घरी पोचल्यावर रूपानं माठातलं पाणी अंगणात ओतलं, माठ भिंतीशी जमिनीवर टेकवला आणि कडं उचलून कमलबाईच्या हातात दिलं. कमलबाईला काही कळेना. नवलनं सांगितलं. ती नवऱ्याकडे पाहत राहिली, मग कडं घेऊन मागच्या दारानं बाहेर गेली. तिनं त्याचं काय केलं, हे तिनं कधी सांगितलं नाही आणि आबांनी विचारलं नाही.

छगनभाईला नवलनं फोन करून नाही म्हणून सांगितलं. कारण विचारलं तर म्हणाला, घरचं जमत नाही. महिन्याभरात त्यानं नरडाण्यात खोली पाहिली आणि रूपाला घेऊन गेला. जाताना आईच्या पाया पडला. आबा ओट्यावर बसले होते, त्यांच्यापुढे येऊन थांबला, वाकतो आहे असं वाटलं, पण पिशवी उचलून पुढे गेला.

गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. पलीकडच्या तीरावर बन्सीलाल नावाच्या माणसानं पंख्याची नाव सुरू केली. आता लोक त्यातून जातात. आबांसमोरून जाताना पूर्वी हाक मारणारी माणसं आता चपलांकडे पाहत जातात. कमलबाई रांधते, वाढते, दोन दिवस मुलाकडे जाते, दोन दिवस इकडे येते. ती भांडली असती तर आबांना बरं वाटलं असतं.

संक्रांतीनंतर एकदा ते एकटेच नरडाण्याला गेले. नवल कामावर होता. रूपानं दार उघडलं, क्षणभर थांबली आणि बाजूला झाली. खोलीत एक खाट, एक स्टो, कोपऱ्यात प्लास्टिकची टाकी. भिंतीवर सारिकाचा शाळेच्या गणवेशातला फोटो होता. तिनं चहा केला. आबांनी तो पिऊन संपवला. उठावं म्हणून हात टेकला तेव्हा ती बोलली.

"आबा, तुम्हीन काबर सांगं?"

त्यांनी वर पाहिलं.

"माले वाटनं व्हतं, आते व्हई नीट," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "मी हा म्हनी व्हती. नही सांगं असतं तं नाव घर उनी असती. सारिकाना बाबा पाण्यावर ऱ्हाते. आम्ही बठ्ठा एक घरमा ऱ्हातूत. माले ठाऊक नसतं तं मी जगी लेती."

आपल्याला ओझं झेपलं नाही, हे खरं होतं. ते खाली ठेवायला त्यांनी तिचा हो मिळालेला क्षण निवडला होता, हेही खरं होतं. खरं बोललो म्हणून आपण चांगले झालो नाही, फक्त तिच्या डोक्यावर आणखी एक वजन ठेवलं, हे त्यांना त्या खोलीत पहिल्यांदा दिसलं.

"माले समजनं नही, बेटा," ते म्हणाले.

रूपानं कप उचलला आणि मोरीत नेऊन विसळला. आबा उठले. मग चपला घातल्या, दार लोटून घेतलं आणि कारखान्यांच्या भिंतीकडेनं बस थांब्याकडे चालायला लागले. पाळी सुटली होती. धुळीनं माखलेली माणसं समोरून येत होती. त्यांत नवल असेल म्हणून ते रस्त्याच्या दुसऱ्या अंगाला गेले.