बस्त्याच्या दिवशी सुचवलेलं नाव

एम.ए.ला मी ज्या इंग्रजी कादंबऱ्यांवर निबंध लिहिला, त्या सगळ्या कुठेच नसलेल्या देशांच्या होत्या. तिथे बायकांना वाचायला बंदी, एकटीने रस्त्यावर यायला बंदी. एका कादंबरीत तर ज्या घरात बाईला ठेवलंय त्या घराचा नंबर हेच तिचं नाव. शेवटी त्यांच्यातली एक बंड करते. त्या पानांवर मी पेन्सिलीने रेघा मारायचे आणि समासात बारीक अक्षरात शेरे लिहायचे. वर्गात मात्र तोंड उघडायचे नाही.

तेव्हा माझी चुलतबहीण आमच्याकडे नवीन जालन्यात राहायची. काकांचं गाव अंबड तालुक्यात. तिथून तिला रोज दवाखान्यात ड्यूटीला येणं जमत नव्हतं. ती नर्स. शिकली जिल्हा परिषदेच्या शाळेत. माझ्याहून दीड वर्षाने मोठी, पण लहानपणापासून आम्ही एकमेकींना नावानेच हाक मारायचो. संध्याकाळी मेथी निवडताना मी तिला या गोष्टी मराठीत सांगायचे.

"मंग त्या बाया एकमेकीला काय म्हणायच्या गं?" तिने विचारलं. "ए धा नंबर, इकडं ये?"

"तेच तर. नाव काढून घेतलं की माणूस काढून घेता येतो."

"बराबर हाये. पण मनात तरी म्हणत असतील की नाव."

पुस्तकात याचं उत्तर नव्हतं. तिला मुद्दा कळला नाही असं मी मनात ठरवून टाकलं.

मग तिचं लग्न ठरलं. मुलाचं परतूरला बी-बियाण्याचं दुकान. माणसं चांगली, तिलाही मुलगा आवडलेला. अडचण एकच होती. त्या घरातल्या थोरल्या सुनेचं आणि हिचं नाव सारखंच होतं. तशीही आमच्याकडे लग्नात नवरीचं नाव बदलायची पद्धत आहे. नवरा ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहितो आणि सगळे टाळ्या वाजवतात.

बस्त्याच्या आदल्या संध्याकाळी ती माझ्या पलंगावर येऊन बसली.

"उद्या कापड घेताना नावाचं निघंल. मला न्हाई बदलायचं. माझं सर्टिफिकेट, रजिस्ट्रेशन, सगळं ह्या नावावर हाये. आन् मला आवडतं माझं नाव."

"मग सांग ना तसं."

"मी बोलले तर म्हणतील, आत्ताच एवढी तोंडाळ हाये. तू बोल. तू शिकलेली, इंग्रजी शाळेतली. तुझं हसत ऐकून घेतील. एवढंच म्हण की नाव राहू द्या. बाकी मी बघते."

मी हो म्हटलं. मनातल्या मनात वाक्य तयार केलं, दोन-तीनदा म्हणून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी कापडाच्या दुकानात पांढऱ्या गादीवर दोन्हीकडची पंधरा-सोळा माणसं बसली होती. समोर शालूंचा ढीग, मधूनमधून चहा. नवरदेवाच्या आत्याने विषय काढलाच. "नावाचं काय करायचं मंग? दोघी जावा एकाच नावाच्या. एकीला हाक मारली की दोघी पळत येतील!"

"बरंच हाये की," कुणीतरी म्हणालं, "काम जल्दी हुईल."

सगळे हसले. आत्या माझ्याकडे वळल्या. "ही इंग्लिश मिडियमची हाये. हिलाच इचारा. सांग बाई, एखादं मॉडर्न नाव सांग."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. बहीण हातातल्या शालूचा काठ बघत होती; तिने मान वर केली नाही. माझं वाक्य तयार होतं. पण इतके चेहरे माझ्याकडे वळले की मला फक्त ते पुन्हा दुसरीकडे वळायला हवे असतात. ते कशाने लवकर वळतील ते मला माहीत होतं.

मी एक नाव सांगितलं. लहानपणी मला वाटायचं की आपलं असं नाव असायला हवं होतं, ते.

"वा! काय नाव हाये!" आत्या म्हणाल्या. काका खूश. आईने माझ्या पाठीवर हात ठेवला. बहिणीने दुकानदाराला विचारलं, "ह्यात मोरपंखी दाखवा ना."

लग्नात तांदळावर ते नाव लिहिलं जात होतं तेव्हा व्हिडिओ मी काढत होते. कुणीतरी सांगितलं होतं म्हणून.

महिनाभराने कॉलेजच्या चर्चासत्रात मी निबंध वाचला. सत्ता बाईचं नाव आधी का काढून घेते, असा त्याचा मधला भाग होता. सरांनी कौतुक केलं. बाबांनी त्याचा व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकला. बहिणीचा व्हॉइस मेसेज आला: "लई भारी बोललीस. न अडखळता बोललीस." तो मी तीनदा ऐकला. त्यात टोमणा सापडला असता तर बरं वाटलं असतं.

दिवाळीनंतर मी परतूरला तिच्या घरी गेले. चहा गाळता गाळता ती सहज म्हणाली, "इथल्या दवाखान्यात लागले. तिथं माझं जुनंच नाव हाये."

"घरचे काही बोलले नाहीत?"

"मीच सांगितलं, ड्यूटीवर हेच राहील. सासूबाई पंधरा दिवस बोलल्या न्हाई माझ्यासंग. मंग बोलल्या. घरात मात्र तू दिलेलं चालतं." कप माझ्या हातात देत तिने विचारलं, "साखर बराबर हाये ना?"

माफी मागायची ती वेळ होती. मी साखर बरोबर आहे म्हटलं.

दुपारी ताटं वाढली गेली. सासूबाई म्हणाल्या, "जा गं, बहिणीला हाक मार. गच्चीवर कपडे काढू राह्यली ती."

मी जिन्याशी गेले. मागे सासूबाई होत्या, थोरली जाऊ पोळ्या आणत होती. बहिणीचं खरं नाव तोंडाशी आलं. ते त्या घरात मोठ्याने घेण्याची माझी हिंमत झाली नाही. मी दिलेलं नाव माझ्याच तोंडून निघेना.

"ताई," मी हाक मारली.

उत्तर नाही. पुन्हा मारली, आणखी मोठ्याने. वर कपडे झटकल्याचा आवाज येत राहिला. आयुष्यात मी तिला कधी ताई म्हटलं नव्हतं. ही हाक आपल्याला आहे, हे तिला कळणार कसं?

तिसऱ्या हाकेला ती कठड्यावरून वाकली. "कुणाला हाक मारू राह्यली?"

"तुलाच."

तिने दोरीवरचे उरलेले कपडे ओढून गठ्ठा केला. मग खाली आली, माझ्या शेजारून आत गेली आणि थोरल्या जावेला म्हणाली, "हिला आधी वाढा, हिची गाडी हाये."