मागील सभेप्रमाणेच

सव्वीस वर्षांच्या नोकरीत सिस्टरला दोन कामं डोळे मिटून जमायला लागली होती: रडणाऱ्या बाळाला सुई टोचणं आणि आरोग्य समितीच्या सभेचं इतिवृत्त लिहिणं. समिती सात जणांची. समितीने दर महिन्याला सभेला बसावं, दवाखान्यात काय चालू आहे, काय बंद आहे ते स्वतः पाहावं, असा नियम. पण अध्यक्ष असलेल्या गिरणीवाल्या काकांचा पाय गिरणीतून निघत नसे, मास्तरांचे गुडघे दुखत आणि बाकीच्यांचं तर नावच नको. मग सिस्टरच मागच्या महिन्याचं पान समोर ठेवून नवं पान उतरवून काढी आणि घरोघर फिरून सह्या घेई. ‘सर्व सोयी सुस्थितीत असल्याबद्दल सभेने समाधान व्यक्त केले,’ हे वाक्य चार वर्षं असंच एका पानावरून दुसऱ्यावर येत राहिलं.

लशींचा फ्रिज बंद पडून मात्र पाच महिने झाले होते. दुरुस्तीवाल्याने तो कामातून गेल्याचं तेव्हाच सांगितलं होतं. मोठ्या दवाखान्यातून बर्फाच्या डब्यात लशी आणायच्या, दुपारपर्यंत टोचायच्या, उरलेल्या परत पोचवायच्या. बसने दीड तास जायला, दीड तास यायला. उशिरा आलेल्या सहा बाळांना तिने एकदा माघारी पाठवलं. त्यातली दोन पुन्हा फिरकलीच नाहीत. नव्या फ्रिजसाठी तिने तीन अर्ज केले. तिसरा शेरा मारून परत आला: ‘समितीच्या इतिवृत्तानुसार सर्व सोयी सुस्थितीत. मागणी अमान्य.’

“माझ्याच अक्षराने माझा गळा कापला,” ती घरी नवऱ्याला म्हणाली.

“मग आता एकदा खरी सभा घे,” तो म्हणाला. “बघू तरी कशी असते.”

प्रत्येकाच्या दारात दोनदा उभं राहिल्यावर शनिवारी पाच जण जमले. बाह्यरुग्णांच्या लांब बाकावर ते तपासून घ्यायला आल्यासारखे ओळीने बसले. सिस्टरने मसुदा वाचला: फ्रिज पाच महिन्यांपासून बंद आहे, नवा मिळावा.

“अहो सिस्टर,” काका म्हणाले, “पाच महिने बंद, तर मागच्या महिन्यात आम्ही समाधान कसलं व्यक्त केलं?”

“तुम्ही नाही केलंत. मी केलं.”

“खाली सही माझी आहे ना!”

“जन्मभर पोरांच्या नकला पकडल्या मी,” मास्तर गुडघा चोळत म्हणाले. “आता म्हातारपणी स्वतःच सापडायचो.”

काकांना तोड सुचली. “काल बंद पडला असं लिहा. सापही मरेल आणि काठीही मोडणार नाही.”

“काल पडला म्हटलं की आधी पुन्हा दुरुस्तीवाला येणार. तो कधी येईल ते देव जाणे. तो नाही म्हणाला की मग नव्याचा अर्ज. तोवर आणखी सहा महिने डबा वाहायचा मी.”

काका पायाने चप्पल चाचपू लागले.

सिस्टर थकली होती. वाद घालायचीही ताकद नव्हती. तिने पेन उघडलं आणि मसुद्याखाली चार ओळी लिहून मोठ्याने वाचल्या: ‘मागील पाच महिन्यांत सभा प्रत्यक्ष झाल्या नाहीत. इतिवृत्ते मी जुन्या पानावरून उतरवली. सदस्यांनी माझ्या भरवशावर सह्या केल्या. चूक माझी आहे.’

“नोटीस येईल बरं का,” मास्तर हळूच म्हणाले.

“येऊ दे. नोटीस ठेवायला फ्रिज लागत नाही.”

पहिली सही काकांनी केली, मजकूर दोनदा वाचून. मग बाकीच्यांनी केल्या. दारातून वळून काका म्हणाले, “पुढच्या महिन्यात मात्र घरीच या हो सहीला.”

नवव्या दिवशी नोटीस आली: सात दिवसांत खुलासा करावा. फ्रिजबद्दल त्यात अक्षर नव्हतं. डबा खाली ठेवून सिस्टर टेबलाशी बसली आणि कोऱ्या कागदावर तिने लिहिलं, ‘आरोप मान्य आहे. फ्रिज अद्याप बंद आहे.’