ताईचा सहा

माझी थोरली बहीण सव्वीस वर्षं कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहे. काम एकच, धुरांड्यातून किती धूळ बाहेर पडते ते मोजायचं. दर तीन महिन्यांनी ती ब्याण्णव पायऱ्यांची लोखंडी शिडी चढते, धुरांड्याच्या भोकात नळी घालते आणि बोटाएवढ्या कागदी पिशवीत धूळ ओढून घेते. ही पिशवी आधी वाळवून तोललेली असते, नंतर पुन्हा वाळवून तोलायची. तोलताना ताई श्वास रोखून धरते, कारण फुंकरीनंसुद्धा काटा हलतो. घरी आम्ही तिला काटेताई म्हणतो. चहात साखर घालतानाही ती बोटानं चमचा सपाट करते.

माझं इस्त्रीचं दुकान कारखान्याच्या फाटकासमोर आहे, त्यामुळे धूळ वाढली की मला काट्याशिवाय कळतं. यंदा पांढऱ्या शर्टांवर बोटांचे ठसे उमटायला लागले. त्यातले चार शर्ट कारखान्याच्या मॅनेजरसाहेबांचे. ते उलट मलाच दटावतात, "इस्त्री पुसून घेत जा जरा!" म्हणजे धूळ यांची आणि दोष माझ्या इस्त्रीचा.

धूर बाहेर पडण्याआधी धूळ अडवणाऱ्या मोठ्या कापडी पिशव्या फाटल्या होत्या. ताईनं तीनदा लेखी कळवलं. साहेब तिन्ही वेळा "बघू" म्हणाले. मग तिनं मोजलं, तर आकडा आला एक हजार दोनशे शहाऐंशी. सरकारची मर्यादा दीडशेची.

हा आकडा सरकारच्या वेबसाइटवर ताईनंच भरायचा असतो, खाली सहीही तिचीच. तिनं कागदावर बघत १२८६ टाइप केलं, बटण दाबलं आणि मग मान वर केली. पडद्यावर १२८ दिसत होतं. चौकट तीन आकड्यांचीच होती, शेवटचा सहा चौकटीनं आत घेतलाच नव्हता. शेजारी हिरवी खूण आणि खाली ओळ, 'अभिनंदन! आपला कारखाना मर्यादेत आहे.'

साहेबांना हसू आवरेना. "तुम्ही खरा आकडा भरलात ना? मग झालं. सहा सरकारनं गाळला, त्याला आपण काय करणार?"

ताईनं सरकारी कार्यालयात फोन केला. कारकून म्हणाला, दुरुस्तीचा फॉर्म भरा. त्या फॉर्मलाही तीच चौकट! पत्र पाठवते म्हणाली, तर कागद घेणं बंद झालंय, सगळं ऑनलाइन. शेवटी रजा टाकून ती स्वतः गेली. तिथले अधिकारी तिला म्हणाले, "मॅडम, चौकटीत मावत नाही असा आकडा येऊच शकत नाही. तुमचा काटा बिघडला असेल."

तिचा काटा! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्या दिवशी ती जेवली नाही. म्हणाली, "चूक माझी असती तर कान धरले असते. पण खोट्याखाली माझी सही आहे रे."

"सोड ना ताई, वाचतंय कोण ते?"

"कुणी वाचत नाही, म्हणूनच तर सही लागते."

पुढच्या महिन्यात कारखान्याला स्वच्छतेचं प्रमाणपत्र जाहीर झालं. तेच अधिकारी ते द्यायला आले. साहेब मी इस्त्री केलेल्या शर्टात होते. प्रमाणपत्रावर ठळक १२८ आणि त्याखाली मोजणारी म्हणून ताईचं नाव. फोटोसाठी ते तिच्या हातात दिलं, तसं तिनं पेन काढलं, आठापुढं सहा लिहिला आणि शेजारी सही करून तारीख घातली.

"हे काय केलंत?" अधिकारी ओरडले.

"इथं जागा होती, साहेब."

पंधरा दिवसांनी नोटीस आली. 'प्रमाणपत्रावरील १२८ या आकड्याचा आपण १२८६ केलात. आपला मोजणीचा परवाना का रद्द करू नये, याचा सात दिवसांत लेखी खुलासा करावा.' ज्यांच्या पिशव्या फाटल्यात त्या साहेबांना कुणी एक शब्द विचारत नाही आणि सव्वीस वर्षं शिडी चढणारीकडून खुलासा हवा! मी दुकानात एवढा ओरडलो की गिऱ्हाईक शर्ट न घेताच गेलं.

ताईनं हात धुतले, चष्मा लावला आणि नोटीस दोनदा वाचली. मग एकेक आकड्यावर बोट ठेवत चार मोजले.

"बघ," ती म्हणाली. "शिक्का आहे, जावक क्रमांक आहे. सरकारच्या कागदावर आला एकदाचा."

"अगं, परवाना जाईल तुझा!"

"जाईल कदाचित."

तिनं माझ्या इस्त्रीच्या टेबलावरच कागद घेतला आणि खुलासा लिहिला. 'आकडा १२८६ बरोबर आहे. पिशव्या अजून फाटक्याच आहेत. येऊन मोजा.' खाली तिनं सही केली. सही करताना तिनं श्वास रोखून धरला होता.