शिंगाची फणी

आलापल्लीच्या लाकडं कापायच्या आरामशीनवरचा मिस्त्री माणसाच्या तोंडाकडे कधी पाहत नाई. तो मशिनीशीच बोलते. बंद पडली की तिलेच विचारते, "काऊन रुसली बाई?"

मी साहेबाच्या बंगल्यावर चौकीदार. बंगल्यात माशांची काचेची टाकी आहे. त्या माशांले माझी बायको रोज मुरमुरे टाकायची. शिमग्यानंतर ती वारली. मग उन्हाळ्यात टाकीतलं पाणी तापलं, मासे वर येऊन तोंड वासू लागले. पाणी फिरवणारी लहानशी मोटर कमी पडत होती. तिच्यामागं तिचे मासेही जातीन, या भेवानं मी मोटर काढली अन् मिस्त्रीले माझ्या खोलीवर आणलं.

त्यानं मोटर खोलली. "तुयात दम आहे बाई. तुयी पाणी ढकलायची पंखीच लहान आहे," तिले म्हणाला. मी चुलीवर चहा ठेवायले वळलो. परत पाहतो तर हा कोनाड्यातली माझ्या बायकोची शिंगाची फणी करवतीनं कापून राह्यला!

"अरे, माझ्या बायकोची फणी आहे ती!"

"टिनाची पंखी पाण्यात गंजते भाऊ. शिंग गंजत नाई." मान काही वर केली नाई त्यानं.

फणीचे तुकडे कानशीनं घासून त्यानं मोठी पंखी बसवली. बंगल्यावर जाऊन मोटर लावली तसं टाकीत पाणी जोरात फिरलं, मासे खाली गेले. तो निघून गेला.

मग मी खोलीवर येऊन कोनाड्यात पाहिलं. फणीत अडकलेले तिचे केस त्यानं काढून, बोटाले गुंडाळून, कागदात नीट ठेवले होते. म्हणजे फणी कोणाची, हे त्याले कापायच्या आधीच माहीत होतं.