पंच व्हायला चला, मावशी!

उचगावात माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे. त्याला लागूनच एका तिशीतल्या पोराचं पावडरीचं दुकान होतं. पावडर म्हणजे जिमला जाणारी मंडळी दुधात घालून पितात ती. काळे, भलेमोठे डबे, आणि भिंतीवर एका उघड्या, फुगलेल्या माणसाचं पोस्टर. त्याच्याकडे बघितलं की मलाच अवघडल्यासारखं व्हायचं. पोरगा मात्र गुणी वाटायचा. माझं शटर अडकलं की एका हातानं वर ढकलायचा आणि म्हणायचा, "काकी, तुमी नुसती हाक मारा की!"

आमचे मालक, म्हणजे माझे यजमान, एसटीतून निवृत्त झाले आणि त्यांना तब्येत करायची हुक्की आली. त्यांनीही तिथूनच एक डबा आणला. महिनाभरात गडी जिना पळत चढायला लागला. मी खूश होते.

एका दुपारी ब्लाऊजला हुक लावत बसले होते, तोवर दारात पोलिसांची जीप थांबली. एक महिला पोलीस आत आली.

"मावशी, जरा शेजारी चला. झडती घ्यायची हाय, पंच पायजेत."

"मी? मला काय कळतंय त्यातलं?"

"कळायचं काय न्हाय. सगळं नीट बघायचं आन् मग सही करायची."

दुसरे पंच समोरच्या खानावळीचे मालक. ते हातात पळी घेऊनच आले. "ओ साहेब, माझा रस्सा उतू जाईल की!" शेवटी एक हवालदार जाऊन त्यांचा गॅस बारीक करून आला.

आत गेल्यावर फौजदार साहेब म्हणाले, "आधी आमची झडती घ्या. आम्ही बाहेरून काही आणून ठेवलं नाही, हे तुम्ही बघायला पाहिजे." जन्मात पोलिसाच्या खिशात हात घालायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. मी त्या बाईंचे खिसे बघितले. सेफ्टी पिना निघाल्या आणि कागदात बांधलेली आलेपाक वडी. "घसा बसलाय," बाई लाजून म्हणाल्या.

मग सुरू झालं. डबे उघडले, खोकी उलटी केली, काही सापडेना. दुकानदार पोरगा कोपऱ्यात खाली मान घालून उभा होता. खानावळवाले माझ्या कानात पुटपुटले, "उगंच तरास दिला बघा पोराला." मलाही तसंच वाटत होतं. इतक्यात दमलेल्या हवालदारानं भिंतीवरच्या पोस्टरला हात टेकला, तो कोपरापर्यंत आत गेला. त्या फुगलेल्या माणसाच्या पोटाला भोक! पोस्टर काढलं तर मागं कोनाडा, आणि कोनाडाभर इंजेक्शनच्या बाटल्या.

सोबत औषध खात्याचे एक अधिकारी होते. त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं. ऑपरेशनच्या टेबलावर रक्तदाब कोसळला तर डॉक्टर हे औषध देतात. जिममधली पोरं मात्र दम वाढावा म्हणून टोचून घेतात, आणि त्यात एखाद्याचं काळीजच बंद पडतं.

माझ्या डोळ्यांसमोर जिना पळत चढणारे आमचे मालक आले. 

"साहेब, पावडरीत पण घालत्यात का हो हे?"

"का? तुमच्यात कोण घेतंय?"

"आमचं मालक."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. कोपऱ्यातल्या पोरानं मान वर केली. "काकी, काकांना मी तसलं काय बी दिलेलं न्हाय. आईशप्पत."

त्याच्यावर विश्वास ठेवावा असं फार वाटलं. पण समोर बाटल्या दिसत होत्या.

साहेबांनी डबा आणायला सांगितला. घर मागच्याच गल्लीत. मी गेले तर मालक बनियनवर डंबेल्स मारत होते. "डबा द्या, पोलिसांना पायजे," म्हटल्यावर ते मटकन खाली बसले. मग स्वतःच डबा छातीशी धरून आले, शर्टाची बटणं वरखाली लावलेली. अधिकाऱ्यांनी नमुना घेतला. आम्ही पंचनाम्यावर सह्या केल्या आणि पोराला जीपमध्ये बसवलं. जाताना त्यानं माझ्याकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी कुरुंदवाडहून त्याची आई आली. दुकानाला सील, म्हणून माझ्याकडं येऊन टेकली. मी चहा केला.

"तुमी सवता बघितलं?" तिनं विचारलं.

"व्हय."

"पोलिसांनी ठेवलं न्हवतं?"

"न्हाय हो. माझ्या डोळ्यांदेखत निघालं."

तिनं चहा संपवला, कप विसळून ठेवला आणि गेली. त्या दिवशी माझ्या हातून एक बाही उलटी जोडली गेली.

काही आठवड्यांनी नमुन्याचा निकाल कळला. दुधाची पावडर, कोको आणि साखर, दुसरं काही नाही. मला हायसं वाटलं. मालकांचं तोंड मात्र उतरलं.

"मग मी जिना कसा काय पळत चढत होतो?"

"तुमच्याच पायांनी," मी म्हटलं. आता ते फुटाणे खाऊन व्यायाम करतात आणि जिना सावकाश चढतात.

जामिनावर सुटल्यावर तो पोरगा एकदा बसथांब्यावर दिसला. मी नजर चुकवणार होते, पण तोच जवळ आला.

"काकी, आई अजून बोलत न्हाय माझ्याशी."

"कोर्टात खरं काय ते सांग. मग बोलंल."

"वकील नगं म्हणतोय."

"आई कुणाची हाय? तुझी का वकिलाची?"

तो हसला, पहिल्यासारखाच. तेवढ्यात बस आली. "बघतो, काकी," म्हणून तो चढला आणि मला खिडकीतून हात केला. मीही केला.