मोहाखालची प्रार्थना

मोहफुलांचा गोड, उग्र वास आला की आजही माझी मान आधी मागे वळते.

स्वातंत्र्यानंतरची ती वर्षं. सालेकशाच्या जंगलात गावदेवाची पूजा झाल्याशिवाय कुणी नवा मोह वेचत नसे. आम्ही नुकतेच ख्रिस्ती झालेलो, म्हणून पूजेआधीच गेलो. वेचायच्या आधी बाबा झाडाखाली गुडघे टेकून येशूचे आभार मानू लागले. तेवढ्यात समोर गावचा पुजारी, कुऱ्हाड उगारून उभा!

"बाबा, डोळे उघडा," मी कुजबुजले. 'आमेन' म्हणेपर्यंत त्यांनी डोळे उघडले नाहीत.

पुजाऱ्याने हळूच कुऱ्हाड खाली केली.

"डोळे मिटून काऊन बसून राहिला बे? मागं अस्वल होतं. आता गेलं."

मी त्याच्या कुऱ्हाडीकडेच बघत होते. मागे एकदाही पाहिलं नव्हतं.